उकळरावांची कच्ची थाळी

उकळराव बाहेर जेवायला जाणार ही बातमी जिन्यात पसरली, तेव्हा आधी कोणी विश्वासच ठेवला नाही. आणि ते कच्चे मासे खायला जाणार आहेत हे कळलं, तेव्हा तळमजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर तीन मजले चढून वर आले, खुर्चीत बसले, दम खाल्ला आणि त्यांनी उकळरावांची नाडी हातात घेतली.

"नाडी ठीक आहे," ते म्हणाले. "मग हे असं का सुचावं तुम्हाला?"

उकळराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बत्तीस वर्षं ते नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होते आणि या बत्तीस वर्षांत त्यांनी शहराला एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे उकळा. पाणी उकळा, दूध उकळा, चमचे उकळा. घरात काकडीसुद्धा गरम पाण्यातून काढल्याशिवाय ताटात येत नसे, आणि त्यामुळे त्या घरातल्या कोणालाही काकडी आवडत नसे. त्यांच्या निरोपसमारंभात सरबत आलं, तेव्हा उत्सवमूर्तींनी उभं राहून बर्फ कुठल्या पाण्याचा आहे असं विचारलं. कोणाला सांगता येईना. समारंभ तिथेच आटोपला.

अशा माणसाची एकुलती एक लेक सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन, प्रयोगशाळेतली चांगली नोकरी सोडून, तीन वर्षांपूर्वी एका जपानी उपाहारगृहात शिकाऊ म्हणून लागली होती. ते उपाहारगृह ताज्या कच्च्या माशासाठी शहरभर नावाजलेलं. नशिबालाही कधीकधी चेष्टेची लहर येते, त्याला कोण काय करणार? घरात भांडण असं झालं नाही. उकळराव एवढंच करत की कोणी विचारलं तर सांगत, "ती अन्नक्षेत्रात संशोधन करते." लेक संध्याकाळी कामाला जाई, परत येई, तिच्या हाताला तांदळाचा आणि व्हिनेगरचा वास येई, आणि उकळराव वर्तमानपत्र थोडं उंच धरत. तीन वर्षांत त्यांनी त्या उपाहारगृहाच्या पायरीला पाय लावला नव्हता.

आता ते तिथे जाणार होते, कारण त्यांनी शब्द दिला होता. तोही कसा, तर स्वयंपाकघरात पाण्याचा फिल्टर सोडवून बसले असताना. हातात वॉशर, तोंडात स्क्रू. लेक मागे उभी राहून म्हणाली, "बाबा, पुढच्या शनिवारी माझी पहिली थाळी आहे. तुम्ही याल?" आणि तोंडात स्क्रू असलेल्या माणसाला 'हं' यापलीकडे बोलता येत नाही. लेक त्या 'हं'वर इतकी खूश झाली की तिने बाईंना मिठीच मारली. (बाई म्हणजे उकळरावांच्या पत्नी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे त्यांना सगळा जिना बाईच म्हणत असे आणि ऐकून ऐकून आता उकळरावही म्हणू लागले होते.) स्क्रू बाहेर काढून सविस्तर खुलासा करेपर्यंत वेळ निघून गेली होती.

पहिली थाळी म्हणजे काय, ते रात्रीच्या जेवणात कळलं. त्या उपाहारगृहाचे मालक एक म्हातारे जपानी गृहस्थ होते. तिथले सगळे त्यांना वस्ताद म्हणत. वस्तादांकडे शिकाऊ माणूस पहिली तीन वर्षं फक्त भात करतो. तांदूळ धुवायचे, शिजवायचे, वारा घालायचा, पुन्हा धुवायचे. तीन वर्षांनी सुरी हातात मिळते आणि स्वतः रचलेली पहिली थाळी घरातल्या थोरल्या माणसापुढे ठेवायची असते. ती थाळी रिकामी परत आली, तर माणूस ओट्यावर, म्हणजे गिऱ्हाइकांसमोर, उभा राहतो. तिच्यात काही उरलं, तर परत सहा महिने भात.

"घरचं माणूसच का?" उकळरावांनी विचारलं. "आई खाईल की."

"थोरलं माणूस, बाबा. आणि वस्ताद म्हणतात, गिऱ्हाईक भिडेखातर खातं. घरचा माणूस आवडलं नाही तर सरळ ठेवून देतो." लेकीने ताट बाजूला सारलं. "आग्रह करायचा नसतो. मी करणारही नाही. तुम्हाला नाही जमलं तर मी समजून घेईन."

ती समजून घेईन म्हणाली, म्हणूनच उकळरावांची पंचाईत झाली. चिडली असती तर चिडता आलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. कंपाउंडरांचं मत असं, की पोट हे शाळेतल्या मुलासारखं असतं, त्याला एकदम वरच्या वर्गात बसवू नये. त्यांनी आठ दिवसांचा तक्ता आखून दिला. सोमवारी दूध एकदाच उकळायचं, दोनदा नाही. मंगळवारी नुसतं कोमट. बुधवारी अंडं अर्धंच उकडायचं. गुरुवारी काकडी, थेट. उकळरावांनी सोमवार आणि मंगळवार निभावले. बुधवारी अर्ध्या उकडलेल्या अंड्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, अंड्यानेही त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग ते पुन्हा पातेल्यात गेलं.

शेजारचे विमेवाले अधिक व्यवहारी होते. त्यांच्या मते खाणं हा प्रश्न नव्हताच, थाळी रिकामी होणं हा प्रश्न होता. "कोटाच्या खिशात प्लास्टिकची पिशवी शिवून घ्या," ते आवाज खाली आणून म्हणाले. "एक घास तोंडाकडे न्यायचा, खोकला आल्यासारखं करायचं, आणि खिशात सोडायचा. मी एका लग्नात सगळं जेवण असं घरी आणलं होतं."

"का?" उकळरावांनी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे," विमेवाले म्हणाले.

उकळरावांना हा सल्ला मुळीच पटला नाही. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, घरी आले, दार लावून घेतलं आणि सुईत दोरा ओवला.

शिवाय काड्यांचा प्रश्न होताच. जपानी लोक दोन काड्यांनी जेवतात एवढं उकळरावांना ठाऊक होतं, म्हणून बाईंच्या विणकामाच्या सुया घेऊन ते रोज दुपारी डब्यातली बटणं उचलायचा सराव करत. पाच दिवसांत सात बटणं उचलली गेली आणि एक कायमचं कपाटाखाली गेलं. "अहो, काड्याच पाहिजेत असं कुठे आहे? हातानेही खातात, लेक म्हणाली," बाईंनी सांगून पाहिलं. पण हात म्हणजे जंतू. या विषयावर उकळरावांची शहरात शंभरावर व्याख्यानं झाली होती, त्यामुळे बाईंनी वही तपासायला घेतली. निवृत्त झाल्या तरी त्या शेजारच्या मुलांच्या वह्या तपासत.

इथवर सगळं ठीक होतं. हसण्यावारी नेण्याजोगं होतं. पण माणसाला एकदा भीती वाटली की तो आपल्या ओळखीच्या दिशेने पळतो, आणि उकळरावांच्या ओळखीची दिशा म्हणजे नगरपालिकेचं आरोग्य खातं. गुरुवारी सकाळी त्यांना वाटलं, या उपाहारगृहाची तपासणी शेवटची कधी झाली, एवढं नुसतं विचारून ठेवावं. तेवढाच मनाला धीर. म्हणून त्यांनी चार ओळींचं साधं पत्र लिहिलं.

आता बत्तीस वर्षं एकाच वळणाचं लिहिलेला हात. तो साधं पत्र कुठून लिहिणार? कागदावर उतरलं ते असं: 'सदर ठिकाणी न शिजवलेले मासे ग्राहकांस खावयास देण्यात येत असल्याचे अधोस्वाक्षरीकाराच्या निदर्शनास आले असून, याबाबत तातडीने उचित कार्यवाही व्हावी.' खाली सही, आणि सहीखाली 'वरिष्ठ आरोग्य निरीक्षक (निवृत्त)'. वाचून त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. किती दिवसांनी हात मोकळा झाला होता. खात्यात पत्र देऊन ते पोच घेऊन आले, आणि जिना चढता चढता दुसऱ्या मजल्यावर त्यांनी पोचेवरची अक्षरं वाचली. 'तक्रार क्रमांक एक. दखल घेतली.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. उकळराव त्याच पावली मागे फिरले.

"ही तक्रार नाही," ते खिडकीतल्या कारकुनाला म्हणाले. "ही शंका आहे."

"सर, शंकेचा रकाना नाही," कारकून अदबीने म्हणाला. उकळरावांच्या हाताखाली त्याने नऊ वर्षं काढली होती. "होता पूर्वी. तुम्हीच काढून टाकलात. म्हणालात, शंका घरी ठेवा, इथे तक्रार आणा."

"मग ही तक्रार मी मागे घेतो."

"घ्या ना, सर. प्रतिज्ञापत्र लागेल, आणि दोन साक्षीदार. लोक दबावाखाली तक्रारी मागे घेतात म्हणून तुम्हीच तो नियम कडक केलात. साक्षीदारांनी त्या जागी स्वतः खाल्लेलं असलं पाहिजे."

कंपाउंडर आणि विमेवाले दोघेही मित्रासाठी सही करायला एका पायावर तयार होते. स्वतः खाल्लेलं पाहिजे हे कळल्यावर कंपाउंडरांना गुडघा आठवला आणि विमेवाल्यांना एक हप्ता. तपासणी कधी होणार, हेही कारकून सांगेना. दिवस गुप्त ठेवायचा, हीसुद्धा उकळरावांचीच शिकवण. आपण खात्याला किती उत्तम वळण लावलं होतं, याचा उकळरावांना त्या दिवशी पहिल्यांदाच मनापासून राग आला. घरी त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. लेक शुक्रवारी रात्री सुरीला धार लावत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती, आणि ते ऐकताना उकळरावांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं.

शनिवारी सात वाजता उकळराव आणि बाई उपाहारगृहात शिरले. नुकतंच दार उघडलेलं, दुसरं कोणी नव्हतं. आत एक लांब लाकडी ओटा, ओट्याला लागून आठ खुर्च्या, पलीकडे काचेमागे बर्फावर मांडलेले मासे. उकळरावांची नजर सवयीने कोपऱ्यांत गेली. कोपरे स्वच्छ होते. ओट्याखाली गेली. तिथेही काही नव्हतं. माशी शोधली, ती मिळाली नाही. त्यांनी श्वास ओढून पाहिला, तर मासळीचा वास नाही, नुसता भिजलेल्या लाकडाचा आणि भाताचा. एवढं निर्दोष स्वयंपाकघर त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं आणि त्यामुळे ते आणखीच घाबरले. जिथे दोष सापडतो तिथे त्यांना करमत असे.

बाईंपुढे गरम सूप आलं. ओट्यापलीकडे लेक उभी होती, पांढरा सदरा, केस घट्ट बांधलेले. ओळखीचं हसू एकदाच आलं आणि गेलं. मग तिने मासा पुढे घेतला. उकळरावांनी तिला भांडी घासताना, अभ्यास करताना, सायकलवरून पडताना पाहिलं होतं. काम करताना कधी पाहिलं नव्हतं. सुरी एकदाच फिरे, मागेपुढे होत नसे. भाताचा छोटा मुटका तळहातावर दोनदा वळायचा, त्यावर माशाचा काप निजवायचा, बोटाने दाबायचं. सहा मुटके झाले. प्रत्येकाआधी ती हात धूत होती. सहा वेळा, मनगटापर्यंत, बोटांच्या मधल्या जागेसह. उकळरावांनी मोजलं. हे तिला कोणी शिकवलं ते त्यांना ठाऊक होतं.

वस्ताद टोकाला हात बांधून उभे होते. लेकीने थाळी वडिलांपुढे ठेवली, किंचित वाकली आणि पाठ फिरवून उभी राहिली. आग्रह नको म्हणून नजरेचाही आग्रह नको.

उकळरावांनी थाळीकडे पाहिलं. गुलाबी, पांढरे, एक अगदी लाल, आणि सगळे ओलसर चमकणारे. त्यांनी खिशातून थर्मामीटर काढलं. बाईंनी ते सुपाच्या वाटीवरून नजर न काढता त्यांच्या हातातून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. मग उकळरावांनी सोबत आणलेल्या विणकामाच्या सुयांनी एक मुटका उचलायचा प्रयत्न केला. तो लोळला. दुसऱ्या खिशात प्लास्टिकची पिशवी होती. वस्ताद माशांकडे वळले होते, लेकीची पाठ होती, बाई सूप पीत होत्या. एका खोकल्याचा तर प्रश्न होता. उकळराव खोकलेही. पण लेकीची पाठ इतकी सरळ होती, वळून पाहावं लागणार नाही याची तिला इतकी खात्री होती, की त्यांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच थिजला.

तेवढ्यात दार उघडलं.

"नमस्कार. आरोग्य खातं," नव्या निरीक्षकाने सांगितलं. हातात लाकडी पेटी, काखेत वही. उकळराव दिसताच त्याने टाचा जुळवल्या. "सर, तुम्ही स्वतः हजर? तुमच्या तक्रारीवरच आलोय. दोन दिवसांत. तुम्ही असतात तर एका दिवसात आला असतात, पण आम्ही शिकतोय."

लेक वळली. तिने निरीक्षकाकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आयुष्यात पुष्कळ लोकांनी उकळरावांकडे रागाने पाहिलं होतं, हलवायांनी, बर्फवाल्यांनी, एकदा तर नगराध्यक्षांनी. त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. पण हे पाहणं रागाचं नव्हतं.

"आधी नमुना घेतो, मग बाकीचं," निरीक्षक पेटी उघडत म्हणाला. तीन बाटल्या ओट्यावर आल्या. "स्वयंपाकघरातून घेत नाही, सर. तिथे दाखवायचा माल वेगळा असतो. गिऱ्हाइकाच्या ताटातला घ्यायचा. बरोबर?"

बरोबर होतं. तेही उकळरावांचंच. एक बाटली तपासणीला, एक मालकाला, एक खात्याच्या कपाटात, प्रत्येकीत एक नग. तीनपेक्षा कमी असेल तर नमुना धरायचा नाही. म्हणजे लेकीच्या तीन वर्षांचे तीन मुटके बापाच्या सहीच्या कागदावर बाटलीत जाणार, थाळी भरलेली परत जाणार, आणि सोमवारपासून पुन्हा तांदूळ.

"थाळीत नग सहा," निरीक्षक पंचनामा लिहीत म्हणाला.

उकळरावांनी सुया बाजूला ठेवल्या, हाताने एक मुटका उचलला आणि तोंडात टाकला.

निरीक्षकाने वर पाहिलं. "सर, पाच झाले."

"मग पाच लिहा. खाडाखोड केलीत तर बाजूला सही करा. तारखेसह." उकळरावांचं तोंड भरलेलं होतं, पण आवाज खात्यातला होता.

निरीक्षकाने खोडलं, सही केली, तारीख घातली. तोवर दुसरा गेला. "सर, चार."

"लिहा."

"सर, थोडं थांबता का? पंचनामा पुरा होईपर्यंत मालाला हात—"

"पंचनामा सुरू करण्याआधी मालकाला ओळखपत्र दाखवलंत का?"

निरीक्षकाने जीभ चावली. तो ओळखपत्र शोधू लागला. ते आतल्या खिशात होतं. ते सापडून वस्तादांपुढे धरेपर्यंत तिसरा गेला आणि पाठोपाठ चौथाही. चौथ्याच्या वेळी उकळरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्यात माशाखाली काहीतरी हिरवं आणि नाकात चढणारं लपलेलं होतं. त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पाणी कुठलं, हे उकळरावांनी विचारलं नाही.

निरीक्षक थाळीकडे आणि बाटल्यांकडे आळीपाळीने पाहत राहिला. "सर," तो शेवटी म्हणाला, "दोनच राहिले. आता नमुना होत नाही."

"ठाऊक आहे. नियम मीच केलाय," उकळराव म्हणाले, आणि उरलेले दोन्ही खाल्ले.

वस्ताद पुढे आले, थाळी उचलून दिव्याखाली तिरपी धरली. भाताचं शीतही नव्हतं. "रिकामी," ते म्हणाले. मग लेकीकडे पाहून, "सोमवारपासून ओट्यावर." आणि निरीक्षकाला घेऊन ते आतली शीतपेटी, पाण्याची टाकी आणि तीन वर्षांची तपासणीची कागदपत्रं दाखवायला निघून गेले. कागदपत्रं इतकी नीट लावलेली होती की निरीक्षकाने बाहेर येऊन, ड्यूटी संपल्यावर आपल्याला इथे बसता येईल का, असं हळूच विचारलं.

लेक अजून तिथेच उभी होती. "बाबा, तक्रार तुम्ही केलीत?"

"मी विचारायला गेलो होतो," उकळराव म्हणाले. "भीती वाटली होती. मला दुसऱ्या भाषेत लिहिता येत नाही गं. मागे घ्यायला धावलो, तर माझेच नियम आडवे आले."

बाईंनी तोंडावर हातरुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते. लेकीने खूप प्रयत्न केला, पण तिलाही हसू आवरेना. हसता हसता तिने डोळे पुसले आणि मग जरा भीतभीत विचारलं, "थाळी कशी होती?"

उत्तम, असं म्हणता आलं असतं. वेळ निभावली असती आणि सगळे खूश होऊन घरी गेले असते. पण न तपासलेल्या मालावर उकळरावांनी आयुष्यात कधी शेरा मारला नव्हता, आणि लेकीच्या बाबतीत तर मुळीच मारायचा नव्हता.

"मला कळलंच नाही," ते म्हणाले. "मी नुसती गिळली. तू तीन वर्षं काय करतेस ते मी आजही चाखलं नाही." त्यांनी कोट काढला, सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि खुर्ची ओट्याजवळ ओढली. "आणखी एक थाळी कर. सावकाश कर. मला घाई नाही."

लेक ओट्यावरून पुढे वाकली. मग खालच्या आवाजात, वस्तादांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "थोडा शेकून देऊ का, बाबा? चालतं तसंही."

"नको," उकळराव म्हणाले. "आहे तसाच दे."

लेकीने हात धुतले, सुरी पुसली आणि मासा पुढे घेतला.